उठवायची परवानगी

प्रिय खारूताई,

हा फोन नाही, तेव्हा कपाळाला आठ्या घालू नकोस. गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, आई, रोज रोज फोन करत जाऊ नकोस, आणि मी बरं म्हणाले. बरं म्हटलंय म्हणजे पाळणार. पण पत्र लिहू नकोस असं काही तू म्हणाली नव्हतीस, आणि नियमातली फट शोधून काढण्याचाच तुझ्या आईने आजवर पगार घेतलाय. वाटलं तर वाच, वाटलं तर उशीखाली ठेव, अगदीच राग आला तर फाडून टाक. उत्तर पाठवायचं ओझं मात्र घेऊ नकोस.

शनिवारची दुपार आहे. लॅबमध्ये मी आणि पंखा, दोघेच चालू आहोत आणि दोघांचेही सांधे वाजतात. घरी लिहायला बसले असते तर तुझ्या बाबांनी मागे उभं राहून मान लांब केली असती, म्हणून इथे आले. कागद पाठकोरे आहेत, मागे एका बाद झालेल्या बोर्डाचं सर्किट छापलंय, तिकडे बघू नकोस. दमलेय गं मी. हे दमणं झोपून जात नाही. सकाळी उठते ती दमलेलीच उठते, चष्मा शोधते, तो डोक्यावरच असतो, आणि तेवढ्यानेही रडू येतं. चष्म्यासाठी रडणारी बाई मी नव्हे, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

बाबांचं सांगते. फोन बंद झाल्याचं कळल्यावर ते मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, राहू दे तिला थोडं तिच्या तिच्या मनाने. आणि मग संध्याकाळी, आपल्या फोनच्या वेळेला, पेपर घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. तुला काय वाटलं, इतके दिवस ते तिथे पेपर वाचत होते? फोनमधून बाहेर झिरपेल तेवढा तुझा आवाज ऐकत होते. कान अधू झालेत, म्हणून खुर्ची इतकी चिकटून. आता फोन नाही तरी येऊन बसतात. काल हातात परवाचाच पेपर होता. मी चहा ठेवला.

फोनवर तरी आपण काय बोलायचो म्हणा. जेवलीस का? हो. झोप लागते का? हो. कशी आहेस? बरी आहे. प्रश्न विचारून होतो न होतो तोच तुझं उत्तर तयार. हॉस्पिटलातून घरी आल्यापासून तुझं ते "बरी आहे" इतकं गुळगुळीत झालं होतं की हातात धरायला जावं तर निसटायचं. मी फोन ठेवून बाबांना सांगायचे, बरी आहे म्हणते. ते म्हणायचे, अस्सं. मग आम्ही दोघं जेवायला बसायचो आणि बातम्या लावायचो, म्हणजे कुणीतरी बोलतंय असं वाटावं.

तू का नको म्हणालीस हे मला आधी कळलंच नाही. खोटं कशाला बोलू, रागच आला होता. एवढं काय मागते मी, दोन मिनिटं! मग जावईबापूंचा फोन आला. ऑफिसच्या जिन्यात उभा राहून बोलत होता बिचारा, मागून लोकांच्या पायांचे आवाज येत होते. म्हणाला, आई, तुमचा फोन येऊन गेला की ती आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. आणि लगेच, तुमचं काही चुकत नाही हो, तुमच्याशी नीट बोलायचं म्हणून ती दिवसभर जपून ठेवलेला सगळा जोर वापरते, असंही म्हणाला. त्याच्यावर चिडू नकोस. त्याला सांगायला दुसरं कुणी नव्हतं. माझी भीती तुला सरळच सांगते: मी विचारत राहिले तर तू दार लावून घेणार, आणि विचारणं सोडलं तर त्या दाराआड कायमची गप्प होणार. यातलं कमी वाईट कुठलं ते मला ठरवता येईना. अजूनही येत नव्हतं, या बुधवारपर्यंत. बुधवारी ऑफिसच्या कामात एक गोष्ट झाली, ती सांगायचीय. तू म्हणशील, झाली हिची वायर सुरू. असू दे. ऐक.

आम्ही सध्या हॉस्पिटलच्या खाटेला लटकवायचं बटण बनवतोय. पेशंटने दाबलं की सिस्टरच्या टेबलावर दिवा लागतो. बटणात नखाएवढी एक चिप असते, मायक्रोकंट्रोलर, आणि तिची तार खाटेशेजारच्या छोट्या कॉम्प्युटरला यूएसबीने लागते, आपल्या माऊसची लागते तशीच. बटण माझं, म्हणजे चिप कुठली घ्यायची, तारा कशा न्यायच्या, ते सगळं मी ठरवलं. लॅबमध्ये हजारदा दाबून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. मग एका वॉर्डात लावून बघायला दिलं. आणि पहिल्याच आठवड्यात एका आजींनी बटण दाबलं, दाबलं, पुन्हा दाबलं, आणि कुणीच आलं नाही. आजींना फक्त कूस बदलून हवी होती. शेवटी त्यांनी उशाजवळचा स्टीलचा जग जमिनीवर भिरकावला, तेव्हा अख्खा वॉर्ड धावला. आमच्या यंत्रापेक्षा जग भरवशाचा निघाला, असं सिस्टरने अहवालात लिहिलं नाही एवढंच, बोलून दाखवलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी मात्र निदान करून टाकलं: वेग कमी पडतोय. ते नुकतेच कुठल्याशा प्रदर्शनातून आले होते आणि त्यांच्या डोक्यात वेग शिरला होता. आता या वेगांचं तुला सांगते, कारण यात एक गंमत आहे. यूएसबीच्या तारेत चार तारा. दोन विजेच्या, दोन बोलायच्या. बोलायचे जुने वेग तीन: लो, फुल आणि हाय. आता फुल म्हणजे पूर्ण, त्याच्यापुढे काही उरायलाच नको ना? पण नाव ठेवताना पुढे कुणी याहून जोरात पळेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मग हाय आला, फुलच्या चाळीसपट. त्यामुळे आज फुल म्हणजे मधला, आणि नव्या माणसाला हे सांगताना दर वेळी मला ओशाळल्यासारखं होतं, जणू नावं मीच ठेवली होती. लो सगळ्यात हळू. माऊस, कीबोर्ड, असली साधी मंडळी लो. आणि आमचं बटणही लो, मी मुद्दाम ठेवलेलं. बटणाला सांगायचं असतं काय? दाबलंय किंवा दाबलेलं नाही. त्याला पळायला कशाला लावायचं?

वेग कसा कळवतात ते तुला ठाऊक आहे, विसरली असशील. तपकिरी-हिरवा-लाल आठवतोय? तू पहिलीत होतीस, मी घरी कामाचा डबा आणायचे आणि तू त्यातले रेझिस्टर, वीज अडवणारे ते दाण्याएवढे तुकडे, चोरून कंपासपेटीत साठवायचीस. त्यावरनं तर खारूताई हे नाव पडलं. त्यांच्यावरचे रंगीत पट्टे बघून तू त्यांची घरं केली होतीस, आणि तपकिरी-हिरवा-लाल तुझा लाडका, कारण तो झाडासारखा दिसतो म्हणायचीस, खोड, पानं आणि वर एक फूल. तोच तो. बोलायच्या दोन तारांपैकी कुठल्या तारेवर तो एक रेझिस्टर लावलाय, एवढ्यावरून कॉम्प्युटरला कळतं की आलेला पाहुणा लो आहे की फुल. एका तारेवर लावला की लो, दुसऱ्या तारेवर लावला की फुल. एक अक्षर बोलायच्या आधी पाहुणा आपला वेग सांगून मोकळा होतो. आणि मग कॉम्प्युटर त्याच्याशी त्याच वेगाने बोलतो. तू जरा पळ की, असं त्याला कधी म्हणत नाही.

हायवाल्यांची तर तऱ्हाच वेगळी. ते कितीही पळणारे असोत, आधी फुल म्हणूनच दारात उभे राहतात. मग एक बारीकसा इशारा करतात, आमच्यात त्याला चिवचिवच म्हणतात. समोरून तशीच चिवचिव आली तर दोघं मिळून वेग वाढवतात. नाही आली तर हा आपला गुपचूप फुलवरच राहतो आणि काम करत राहतो. त्यात त्याचा अपमान बिपमान काही नसतो. मला हे नेहमीच शहाणपणाचं वाटत आलंय.

पण साहेबांना हायच हवा. त्यांच्या हट्टापायी मी महागातली चिप घेतली, बोर्ड पुन्हा आखला. हायमध्ये त्या दोन तारा बोर्डावर अगदी बरोबरीने न्याव्या लागतात, लांबी सारखी, मधलं अंतर सारखं, कुठे काटकोनात वळायचं नाही. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. भिंग लावून बसायचे, मान अवघडायची, आणि वॉर्डातली तार इतकी लांब आणि मध्ये जोड असलेली की तिथे गेल्यावर चिवचिव अर्ध्या वेळा ऐकूच जायची नाही. नाकी नऊ आले. साहेब रोज येऊन विचारायचे, झालं का? मी म्हणायचे, होतंय. माझंही "होतंय" तुझ्या "बरी आहे"सारखंच झालं होतं बघ. आणि एवढं सगळं करून तो बोर्ड वॉर्डात लावला, तर दोन दिवसांनी पुन्हा तेच. दाबलं, कुणी आलं नाही. या खेपेला पेशंटला बटणापेक्षा स्वतःच्या घशावर जास्त विश्वास होता म्हणून बरं.

बुधवारी मी तिथेच जाऊन बसले. सिस्टरने मला कोपऱ्यातली एक रिकामी खाट दिली. उन्हं खिडकीतून चादरीवर आली होती. मी खाटेवर बसले, बटण हातात घेतलं आणि दाबलं. दिवा लागला. दाबलं, लागला. मग सिस्टरने चहा आणला, तो आम्ही प्यालो, तिच्या मुलाच्या दाताबद्दल बोललो, आणि गप्पांत मी सहज पुन्हा दाबलं. काही नाही. समोरचा पडदा काळा होता. कॉम्प्युटर झोपला होता.

झोपलेल्या कॉम्प्युटरला उठवायचा हक्क बटणाला आपसूक नसतो. मुळात यूएसबीत लावलेल्या वस्तूने आपणहून बोलायचंच नाही असा नियम आहे. कॉम्प्युटर विचारणार, काही आहे का? वस्तू म्हणणार, आत्ता नाही. पुन्हा, काही आहे का? आत्ता नाही. दिवसभर हेच. कॉम्प्युटरने विचारायचं थांबवलं की वस्तूही झोपते. या सगळ्यात एक सवलत ठेवलीय: झोपलेली वस्तू कॉम्प्युटरला जागं करू शकते, पण झोपायच्या आधी कॉम्प्युटरने तिला तशी परवानगी देऊन ठेवलेली असली तरच. त्या वॉर्डात ती परवानगी सगळीकडे बंद केलेली होती. झाडताना माऊसला धक्का लागायचा आणि पडदे जागे व्हायचे, म्हणून तिथल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या गृहस्थांनी ती काढून टाकली होती. त्यांचं तरी काय चुकलं? आजी बटण दाबत होत्या, बटणाला ते कळत होतं, आणि ते नियमाने तोंड मिटून बसलं होतं. वेगाचा काडीचा संबंध नव्हता.

आणि हे आम्हाला लॅबमध्ये एकदाही का दिसलं नाही, सांगू? आमच्याकडचे कॉम्प्युटर कधी झोपतच नाहीत. चाचणी मध्येच तुटू नये म्हणून आल्या दिवशी आम्ही त्यांची झोप बंद करून टाकतो. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट की कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सतत विचारणाऱ्यासमोर बटण कधी चुकत नाही गं. हो, आहे, हो, आहे, असं म्हणत राहतं. ते खरं कसं आहे हे विचारणं थांबल्यावर कळतं.

मी त्या खाटेवर तशीच बसून राहिले. सिस्टर विचारत होती, सापडलं का काही? मी मान डोलावली. बटण अजून माझ्या मुठीत होतं, आणि मला तुझी मूठ दिसत होती.

त्या दोन दिवसांबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू बोलली नाहीस, मी विचारलं नाही, मला वाटलं मी तुला जपतेय. आठवा महिना लागला होता, तू त्याच आठवड्यात तलावावरच्या पिल्लांना, म्हणजे पोहायला येणाऱ्या तुझ्या त्या चार-चार वर्षांच्या भिडूंना, आता थोडे दिवस दुसऱ्या ताई शिकवतील म्हणून सांगून आली होतीस. आणि डॉक्टरीणबाईंनी ते यंत्र तुझ्या पोटावर इकडून तिकडे फिरवलं आणि सांगितलं की ठोके लागत नाहीत. मग दोन दिवस त्या खाटेवर, जिवंत बाळासाठी सोसायचं तेवढं सगळं तू तिच्यासाठी सोसलंस. सिस्टरने तुझ्या हातात बेलचं बटण दिलं होतं, दुखलं की दाबा म्हणून. तू ते शेवटपर्यंत सोडलं नाहीस, आणि एकदाही दाबलं नाहीस. सगळं झाल्यावर तुझी मूठ मीच उघडली. तळहातावर बटणाचा गोल वळ उठला होता. सिस्टर कौतुकाने म्हणाली, फार समजूतदार हो तुमची मुलगी, एकदा म्हणून बोलावलं नाही. आणि सगळे तेच म्हणत राहिले. महिना झाला तशी तू तलावावर परत गेलीस, तर काय हिंमत, काय सावरली, किती पटकन! तुझ्या सासूबाईंना लोक फोन करून शाबासकी देत होते. मी घरी येऊन बाबांना म्हटलं, सगळ्यांना तिचा वेग दिसतोय. बाबा माळ्याकडे बघत होते. पाळणा त्यांनी स्वतः जोडला होता आणि स्वतःच सुटा करून वर ठेवलाय, स्क्रू पुरचुंडीत बांधून. पुरचुंडीवर कुठले स्क्रू ते नीट लिहिलंय.

मलाही फार दुखतंय, खारे. मी आजी होता होता राहिले, आणि हे कुणाला म्हणावं तर आधी तुझं दुःख आठवतं आणि माझं मागे घ्यावंसं वाटतं. तुला तेव्हा बघवलं नाही, तू तोंड फिरवलंस, बरोबरच केलंस. मी तिला घेतलं होतं. बराच वेळ घेऊन बसले होते. ती कशी होती ते मी या पत्रात लिहीत नाही. ते माझ्याजवळ नीट ठेवलेलं आहे. तुला कधी हवं झालं तर माग, आणि कधीच नको वाटलं तर तेही ठीक, मी सांभाळते.

बटणाचं काय झालं ते सांगून टाकते. मी साहेबांना सांगितलं, हाय काढतेय, पुन्हा लो लावतेय, तुमच्या जाहिरातीत वेगाच्या जागी काय छापायचं ते तुम्ही बघा. साहेब म्हणाले, लो म्हटलं की लोकांना कमी वाटतं हो. मी म्हटलं, वाटू दे. आणि आता बटण बसवतानाच परवानगी चालू करून द्यायची, एकदा कॉम्प्युटर झोपवून, बटण दाबून, तो उठतो की नाही ते बघायचं आणि मगच वॉर्ड सोडायचा, असं ठरलंय. काल त्या आजींच्या खाटेवर असं करून आले. कॉम्प्युटर झोपवला. त्यांच्या हातात बटण दिलं. त्यांनी संशयाने माझ्याकडे बघितलं, एका हाताने जग जवळ ओढून घेतला, आणि दाबलं. दिवा लागला. म्हणाल्या, आता बरं झालं, पण जग राहू दे.

सोबत चिकटपट्टीने एक तपकिरी-हिरवा-लाल लावलाय. हरवलास तर माझ्याकडे डबाभर आहेत. हा लावलेला असला ना, की वस्तू झोपलेली असली तरी कॉम्प्युटरला ती आहे हे कळत राहतं. झोपेत तिला थेंबभर वीज मिळते, आणि त्यातलीही थोडी ती एवढंच सांगण्यात खर्च करते की मी गेले नाही, तार लागलेली आहे. मला तुझ्याकडून तेवढंही कळलं तरी पुष्कळ. तुझा वेग तू ठरव, ज्या तारेवर हवा तिथे लाव. लो तर लो. वर्षभर लो.

आता पत्र कशाला लिहिलं ते. फोन मी करणार नाही, दिलेला शब्द पाळणार. पण विचारणं थांबवायच्या आधी एक गोष्ट द्यायची असते ती मी तुला कधी दिलीच नव्हती, कारण मला वाटायचं, आई म्हटल्यावर ती आपोआप असते. त्या खाटेवर तुझ्या शेजारी स्टुलावर मी दोन दिवस बसून होते आणि तरी तू बटण दाबलं नाहीस, तेव्हा ती नसते हे उघड आहे. म्हणून लिहून देते: मला कधीही उठव. कितीही वाजता, कितीही वेळा, कारण असो नसो. बोलायचं नाही, जुळवाजुळव करायची नाही, बरी आहे म्हणायचं नाही. फक्त एक मिस्ड कॉल दे. एक रिंग आणि कट. बटण कॉम्प्युटरला उठवतं तेव्हा तेही काही बोलत नाही, क्षणभर लाईन धरतं आणि सोडून देतं, मग पुढचं सगळं कॉम्प्युटरने करायचं असतं. पुढचं मी करेन. मिळेल ती गाडी पकडून येईन, दारात उभी राहीन, आणि जेवलीस का असं विचारणार नाही. तुला दार लावून आत बसायचं असेल तर मीही आत येऊन बसेन, काही न बोलता. फोन आता माझ्या उशाशी असतो, आवाज पूर्ण मोठा करून. बाबांनीही त्यांचा तसाच ठेवलाय, वर मला बजावलंय की तिला सांग, माझे कान गेलेत, तेव्हा मला दोन रिंगा दे. दाब गं बाळा, एकदा तरी दाब.

तुझीच,
एका रिंगेवर उठणारी
आई